धागा : तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी शोधखेळ कसा आखावा? (ठाणे, सोसायटीची बाग)

पोखरणची_आई :

नमस्कार. आमची सोसायटी ठाण्यात पोखरण रस्ता क्रमांक दोनवर आहे. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सोसायटीच्या बागेत तीन ते पाच वर्षांच्या सोळा मुलांसाठी शोधखेळ घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. 'आले आहे' असे लिहिते खरी, पण सभेत हात मीच वर केला होता.

गेल्या वर्षी मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला घरातच खजिनाशोध ठेवला होता आणि तो सपशेल फसला. दोन रात्री जागून मी सात चारोळ्या लिहिल्या होत्या. वाचता एकाही मुलाला येत नव्हते, त्यामुळे चिठ्ठ्या आम्हीच वाचल्या, अर्थ आम्हीच सांगितला आणि 'चला, आता वॉशिंग मशीनकडे' असे म्हणत मुलांना मेंढरांसारखे हाकत नेले. तिसऱ्या चिठ्ठीला मोठ्या जाऊबाईंचा सात वर्षांचा मुलगा पुढे घुसला, त्याने उरलेल्या जागा मनानेच ओळखल्या आणि चॉकलेटांचा डबा चौथ्या मिनिटाला त्याच्या हातात होता. दोन मुले रडली, त्यांतली एक माझीच.

या वेळी तसे होऊ नये म्हणून विचारते. खेळ किती वेळ चालवावा, किती वस्तू ठेवाव्यात, गट पाडावेत की प्रत्येकाने आपापले शोधावे, आणि बक्षीस ठेवावे का? बागेत दोन गुलमोहर, एक सप्तपर्णी, खोट्या अशोकाची रांग, जास्वंदी, कढीपत्त्याचे झाड, घसरगुंडी आणि वाळूचा एक चौकोन आहे. कुंपणालगत आणखी बरीच झुडपे आहेत, त्यांची नावे मला येत नाहीत. काही पालकांचे म्हणणे असे की प्लास्टिकची रंगीत अंडी मागवून, त्यांत चॉकलेटे भरून ती लपवावीत, म्हणजे काम संपले. मला ते पटले नाही, पण त्याऐवजी काय करावे हे सांगता येईना, म्हणून गप्प बसले.

बालवाडीच्या_बाई :

ताई, ठाण्यातल्या एका बालवाडीत मी एकवीस वर्षे शिकवते आहे आणि दर वर्षी थंडीच्या तोंडावर हा खेळ घेते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या चारोळ्या चांगल्याच असतील. खेळाची जात त्या वयाला मानवणारी नव्हती. खजिनाशोधात एक चिठ्ठी दुसरीकडे नेते, दुसरी तिसरीकडे, आणि शेवटी डबा एकच असतो. म्हणजे मुलाला वाचता यायला हवे, आडवळणाने सांगितलेले उलगडायला हवे, मागचे लक्षात ठेवायला हवे, आणि एवढे सगळे करून जो पहिला पोहोचेल त्याच्यापाशी खेळ संपतो. बाकीच्यांचा तो अर्ध्यावरच तुटतो. तीन वर्षांचे मूल साधारणपणे 'चपला काढ आणि इकडे ये' इतकी दोन टप्प्यांची सूचना नीट पाळते. सात चिठ्ठ्यांची साखळी त्याला कशी पेलावी? ज्याला हल्ली शाळांमधून 'स्कॅव्हेंजर हंट' म्हणतात तो खेळ निराळा आहे. त्यात प्रत्येकाच्या हाती वस्तूंची एक यादी असते, वस्तू आसपास विखुरलेल्या असतात आणि कोणती आधी सापडावी याला काही बंधन नसते. एकाला पान सापडले म्हणून दुसऱ्याचे पान संपत नाही. तुम्ही हाच घ्या.

यादीत पाच वस्तू पुरेत, कारण एका हाताची बोटे मोडून मुलाला तेवढ्या मोजता येतात. तीन-साडेतीन वर्षांची बरीच मुले दहापर्यंत आकडे घडाघडा म्हणतात, पण 'एकूण किती झाली?' असे विचारले की पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागतात. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, ही समज त्यांना नुकती येऊ लागलेली असते. त्यामुळे 'दहा पाने गोळा करा' असे सांगण्यात अर्थ नाही. वेळ वीस मिनिटे ठेवावी. पंधराव्या मिनिटाला निम्मी मुले घसरगुंडीवर गेलेली असतील; जाऊ द्यावीत, थोड्या वेळाने त्यांतली काही आपणहून परत येतात.

यादी लिहू नका, चिकटवा. दिवाळीनंतर प्रत्येक घरात मिठाईचे रिकामे खोके पडलेले असतात. अर्ध्या किलोचा खोका घेऊन त्याच्या तळाला स्केचपेनाने पाच गोल काढावेत आणि आदल्या संध्याकाळी बागेतूनच उचललेली एकेक वस्तू प्रत्येक गोलात डिंकाने चिकटवावी. मुलाला जे सापडेल ते त्याने त्या जोडीदाराशेजारी ठेवायचे. जुळले की नाही हे त्याचे त्यालाच दिसते आणि 'बाई, बरोबर आहे का?' असे विचारायला धावत यावे लागत नाही. रंगांवर मात्र सगळा भार टाकू नये, कारण काही मुलग्यांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही आणि या वयात ते घरच्यांच्याही लक्षात आलेले नसते; आकार, स्पर्श आणि वास यांना अधिक जागा द्यावी. खोक्याला लोकर बांधून तो गळ्यात अडकवला तर मुलांचे दोन्ही हात मोकळे राहतील.

वस्तू लपवू नका, नुसत्या ठेवा. लपवण्याची हौस मोठ्यांची असते. चार वर्षांचे मूल साधारण एक मीटर उंच असते, म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून ९० सेंटिमीटरच्या आसपास असतात. शनिवारी संध्याकाळी गुडघ्यांवर बसून बागेतून एक फेरी मारा. लोक हसतील, हसू द्यावेत. उभ्याने समोर दिसणारी जास्वंद तिथून दिसत नाही आणि बाकाच्या फळीखालची मुंग्यांची रांग मात्र दिसते. पायाशी उघड्यावर पडलेल्या पानालाही मूल 'मला सापडलं!' असेच म्हणते, आणि ते खोटे नसते. प्रत्येक प्रकारची वस्तू मुलांच्या दीडपट, म्हणजे तुमच्याकडे चोवीस तरी, असावी.

पाच वर्षांच्यांना जुळवणी लवकर सोपी वाटू लागते. त्यांच्या खोक्यातला एक गोल रिकामा ठेवून तोंडी सांगावे, 'तुझ्या हाताएवढे पान आण.' मूल पान उचलते, त्यावर तळवा ठेवते, बोटे पसरते; पान अपुरे पडते, म्हणून ते टाकून दुसरे उचलते. एका मुलीने अशी सहा-सात पाने टाकली, मग पहिलेच पान परत आणले, त्यावर बोटे मिटून हात ठेवला आणि म्हणाली, 'आता बसतंय.' यावर मी काय बोलणार?

आपल्या भागात हे सारे नवेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा पाने, बिया, खडे आणि शिंपले हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अंड्यांच्या प्रस्तावाला सभेत उत्तर द्यायचे असेल, तर एवढे सांगितले तरी पुरे.

नेरुळचे_आजोबा :

बाईंचे लिहिणे अनुभवाचे आहे. माझी एक भर अशी की यादीत चालणारे, उडणारे किंवा पोहणारे काही नसावे.

मागच्या हिवाळ्यात नातवाला घेऊन आम्ही आमच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या पायवाटेवर असाच खेळ खेळायला गेलो होतो. सूनबाईंनी सुरेख चित्रे काढून दिली होती : रोहित पक्षी, खेकडा, फुलपाखरू, कांदळवनातले झाड आणि बाक. रोहित पक्षी आमच्या बाजूच्या पाणथळींवर हिवाळ्यात उतरतात आणि उन्हाळा सरेपर्यंत राहतात, म्हणून पहिले चित्र त्यांचे होते. त्या दिवशी ते दूर चिखलात गुलाबी रेघ ओढल्यासारखे उभे होते. मी दुर्बीण दिली, नातवाने ती उलटी धरली, त्यामुळे रेघही दिसेनाशी झाली, आणि पुढचा अर्धा तास 'पक्षी इकडे का येत नाही' या प्रश्नाला उत्तरे देण्यात गेला. बाक मात्र त्याला अकरा वेळा सापडला. प्रत्येक बाक नवा, आणि प्रत्येकावर बसून पाहणे आवश्यक! पुढच्या खेपेला आम्ही वंडर्स पार्कमध्ये गेलो. तिथे जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. ताजमहाल जागचा हलत नाही, त्यामुळे काम बरेच सोपे झाले.

बक्षिसाचे म्हणाल तर 'मामाचे पत्र हरवले' खेळताना पाठीमागे पडलेला रुमाल वेळेत हाताला लागला, यापलीकडे आम्हाला कधी काही मिळाले नाही, आणि तरी संध्याकाळी आई हाका मारून थकेपर्यंत आम्ही घरी जात नसू.

झाडपाला :

कुंपणालगतच्या, नावे न येणाऱ्या झुडपांबद्दल लिहितो, कारण काळजीची जागा तीच आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या पुष्कळ सोसायट्यांत कुंपणाला कण्हेर असते. ती भरपूर फुलते, पाणी फारसे मागत नाही आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत. लावत नाहीत, कारण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तिच्या बिया खाल्ल्या गेल्या तर थेट हृदयावर परिणाम होतो. आणि तिचे फळ नेमके लहान मुलाच्या मुठीत बसेल एवढे असते. आमची पिढी या बिट्ट्यांनी खेळलेली असल्यामुळे पुष्कळदा आजीआजोबाच त्या नातवंडांना कौतुकाने उचलून देतात. तो मोह टाळावा. गुंजेचा लाल-काळा दाणाही तसाच. दिसायला दागिना, पण चावला गेला तर जिवावर बेतू शकते. जिन्यापाशी कुंडीत पांढुरक्या ठिपक्यांची मोठी पाने असलेली डिफेनबेकिया बहुतेक इमारतींत असते. तिचे पान चावले की तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. पावसाळा नुकता सरलेला असल्यामुळे पानांच्या मागे केसाळ सुरवंटही असतात, तेव्हा मुलांना खोडाला मिठी मारायला सांगण्याआधी खोड एकदा नजरेखालून घालावे.

यावर माझा उपाय साधा आहे. कुंपणाची बाजू खेळातून सरळ वगळावी आणि तिथे रांगोळीची एक जाड रेघ ओढावी. मुलांना नियम दोनच सांगावेत : जमिनीवर पडलेलेच उचलायचे आणि काहीही तोंडाला लावायचे नाही.

तुमच्याकडे जे आहे ते या खेळाला उत्तम आहे. गुलमोहराची वाळलेली शेंग हातभर लांब असते आणि हलवली की खुळखुळते. खोट्या अशोकाच्या पानाची कड नागमोडी असते. डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवले तरी ती ओळखता येते. सप्तपर्णीची पाने फांदीभोवती चक्रासारखी येतात, बहुधा सात, पण कधी पाच किंवा सहाही. पडलेली डहाळी मिळाली तर ती अवश्य ठेवावी, मात्र पाने मोजून दाखवण्याचा आग्रह मुलांना धरू नये. कढीपत्ता चुरगळून त्याचा वास द्यावा आणि 'असा वास कुठून येतो ते शोध' म्हणावे. हे एक कोडे तेवढे लपलेले असले तरी चालेल.

कोणाच्या मनात हाच खेळ येऊरला नेण्याचे असेल तर एक आठवण करून देतो. तिथले जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढून नेता येत नाही. पानाशेंगा गोळा करण्याचा खेळ तिथे खेळूच नये. नुसते पाहायचे आणि कागदावर खूण करायची, अशी यादी न्यावी.

बालरोग_घोडबंदर :

मी बालरोगतज्ज्ञ आहे. बाईंच्या लेखनात एक दुरुस्ती सुचवतो आणि ताईंना दोन-तीन गोष्टी सांगतो.

गळ्यात लोकर नको. बागेत घसरगुंडी आहे, आणि गळ्यातला दोरा तिच्या कठड्यात अडकून फास बसू शकतो. खोका हातातच राहू द्यावा; कंटाळा आला की मूल तो खाली ठेवते, यापलीकडे काही होत नाही.

सोळा मुलांबरोबर त्यांची धाकटी भावंडेही येतील आणि त्यांच्या तोंडात काय जाईल याचा नेम नसतो. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासण्यासाठी जी नळी वापरतात तिचा व्यास सुमारे ३.२ सेंटिमीटर असतो. तिच्यात जी वस्तू पूर्णपणे मावते ती घशात अडकण्याइतकी लहान मानतात. घरी टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी याहून थोडी रुंद असते, त्यामुळे तिने तपासले तर सुरक्षिततेच्या बाजूनेच चूक होते. या हिशेबाने गोट्या, मणी, चिंचोके आणि सुटी बटणे बाद. दिवाळीतल्या विजेच्या पणत्या सजावटीला ठेवण्याचा मोह होईल, पण त्यांच्यातला बटणासारखा चपटा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर जखम होऊ शकते. त्या ठेवूच नयेत. खाऊ शेवटी, हात धुऊन, बसवून द्यावा. या वयाला धावता धावता शेंगदाणे, चिक्की किंवा अख्खी द्राक्षे नकोत; केळे उत्तम.

आणि दिवाळीनंतरची बाग म्हणजे फुलबाज्यांच्या तारा. दर वर्षी या दिवसांत तळपायात तार घुसलेली मुले माझ्याकडे येतात. गवत आदल्या दिवशी तपासावे आणि मुलांना बूट घालूनच आणण्यास सांगावे.

बालवाडीच्या_बाई :

लोकरीचे डॉक्टरांचे म्हणणे मान्य. आमच्या अंगणात घसरगुंडी नाही, त्यामुळे मला ते कधी सुचले नाही. यापुढे आमच्याकडेही लोकर बंद.

सडेतोड_ठाणेकर :

वरील सूचना उपयुक्त आहेत, पण माझा एक आक्षेप आहे. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही आणि बक्षीसही नाही, असा खेळ मुलांना फार जपतो. हरणे सोसण्याची सवय केव्हातरी लागायला हवीच. मग ती चौथ्या वर्षी का नको?

बालवाडीच्या_बाई :

लागायला हवी, आणि ती लागतेही. लंगडीत, शिवाशिवीत, भावंडांशी भांडताना. माझा मुद्दा वेगळा आहे. 'कोण आधी' असे म्हटले की शोधणे थांबते आणि पळणे सुरू होते. एकदा मीच शिट्टी वाजवून सुरुवात केली होती. सगळी मुले वर्गातल्या सर्वांत चपळ मुलाच्या मागे धावली आणि तो ज्या झाडापाशी थांबला तिथेच सगळी थांबली. त्या दिवशी खाली पाहिले ते फक्त त्याने एकट्याने. पहिलीत गेल्यावर गट पाडा, वेळ लावा, क्रमांक काढा. तेव्हा त्यात खरी मजा येते. बक्षिसाबद्दल माझा हट्ट नाही. द्यायचेच असेल तर सगळ्यांना सारखे आणि शेवटी द्यावे, आणि आधी सांगू नये. सात वर्षांच्या पुतण्याला मात्र खेळात घेऊ नका. त्याला काम द्या, म्हणजे त्याचाही मान राहील.

ऐरोलीकर :

एक विनंती. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो अजून मोजकेच शब्द बोलतो आणि गोंगाट झाला की कानांवर हात ठेवून खाली बसतो. सोसायटीच्या अशा कार्यक्रमांना आम्ही जातो आणि दहा मिनिटांत परत येतो. गेल्या वर्षी एका शेजारणीने आम्हाला पंधरा मिनिटे आधी बोलावले, बाग रिकामी असताना त्याच्या हातात खोका दिला आणि शिट्टी, माईक, टाळ्या यांतले काहीही ठेवले नाही. इतर मुले आली तेव्हा त्याच्याकडे तीन वस्तू जमल्या होत्या, आणि तो तिथेच राहिला. सोळांत असे एखादे मूल असू शकते. कोणाचे आहे हे सभेत विचारण्यापेक्षा निरोप पाठवतानाच 'ज्यांना शांत वेळ हवी त्यांनी पावणेनऊला यावे' एवढे लिहावे. चिकटवलेल्या वस्तूंची ही यादी त्याच्यासाठी योग्यच आहे, कारण तिच्यात त्याला काही बोलावे लागत नाही.

पोखरणची_आई :

खेळ काल झाला. सर्वांचे आभार मानते आणि झाले तसे सांगते, कारण आखल्याप्रमाणे ते झाले नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघींनी दोरीला मोठे लोहचुंबक बांधून ते गवतावरून फिरवले. फुलबाज्यांच्या तारांनी श्रीखंडाचा एक किलोचा डबा भरला. त्यानंतर मी गुडघ्यांवर बसून फेरी मारली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून 'काही हरवलं का?' असे विचारले आणि 'नाही, शोधते आहे' या माझ्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. त्या बसक्या फेरीत मला कुंपणाशी बिट्टीची चार फळे दिसली; उभ्याने पाहताना ती एकदाही दिसली नव्हती. रांगोळीची रेघ त्याच्या पुष्कळ अलीकडे ओढली.

रविवारी सकाळी साडेसहाला गुलमोहराच्या शेंगा, अशोकाची पाने, जास्वंदीची गळलेली फुले, सप्तपर्णीच्या डहाळ्या आणि सालीचे खरखरीत तुकडे, असे प्रत्येकी चोवीस मोजून बागभर मांडले आणि आंघोळीला घरी गेले. आठ वाजून वीस मिनिटांनी खाली आले तर बाग आरशासारखी स्वच्छ! आमचे माळीकाका रविवारी येत नाहीत, पण मुलांचा कार्यक्रम आहे हे कानावर पडल्यामुळे ते मुद्दाम येऊन सगळी बाग झाडून गेले होते. त्यांना काय सांगायचे ते मला सुचेना. त्यांच्या लक्षात आल्यावर ते माझ्यापेक्षा अधिक कष्टी झाले. ढकलगाडी अजून फाटकापाशीच उभी होती. ती त्यांनी परत आणली आणि हिरवळीच्या मधोमध उपडी केली. पुन्हा मांडायला वेळ नव्हता, कारण पावणेनऊला शांत वेळेसाठी दोन मुले आली. दोघेही सरळ त्या ढिगाऱ्यापाशी गेले आणि बसले.

नऊ वाजता बाकीचे आले आणि तेही तिथेच बसले. बाईंनी वीस मिनिटे सांगितली होती. आमचा खेळ पन्नास मिनिटे चालला आणि त्यांतली बरीचशी त्या ढिगाऱ्याभोवती गेली. पाने उपसायची, खोक्यातल्या पानाशेजारी धरायची, नाही म्हणायचे, परत टाकायचे. एका मुलाने पाचही गोलांवर नुसत्या गुलमोहराच्या शेंगा आडव्या रचल्या आणि खोका पूर्ण भरल्याचे जाहीर केले. माझ्या मुलीने जास्वंदीची फुले खोक्यात ठेवण्याआधी प्रत्येकाची मिटलेली पाकळी उघडून आत पाहिले. आत काय होते ते तिने सांगितले नाही. 'तुझ्या हाताएवढे पान' सांगितल्यावर एका मुलाने वडिलांचा हात मागून घेतला आणि सगळ्यांत मोठे पान मिळवले. पुतण्याला रेघेचा राखणदार केले होते. त्याने तीन मुलांना आणि एका आजोबांना परत पाठवले.

ढिगाऱ्यात आणखी एक तार निघालीच. सगळ्यांनी बूट घातले होते म्हणून निभावले. दोन पालकांना हा प्रकार कचऱ्यात हात घालण्यासारखा वाटला आणि त्यांनी तसे स्पष्ट बोलूनही दाखवले. मुलांनी दोन वेळा साबणाने हात धुतले, मग केळी खाल्ली. अंड्यांचे पुरस्कर्ते पुढच्या वेळी पानांबरोबर अंडीही ठेवावीत या मताचे आहेत. ती चर्चा अजून मिटलेली नाही.

आता एकच अडचण उरली आहे. सोळांपैकी बारा मुलांनी गुलमोहराच्या शेंगा घरी नेल्या आहेत आणि खुळखुळा म्हणून त्या उशाशी घेऊन झोपली आहेत. शेंगांतून काही किडे वगैरे निघतील का, असे पालक मला विचारत आहेत.

झाडपाला :

निघू शकतात. शेंगा दोन-तीन दिवस कडक उन्हात गच्चीवर ठेवाव्यात आणि त्यावर बारीक भोके दिसली तर ती शेंग टाकून द्यावी. चांगल्या असलेल्या वर्षभर टिकतात.

बालरोग_घोडबंदर :

वाळल्यावर शेंग कडेने उकलते आणि आतल्या बिया सुट्या होतात. बी पुठ्ठ्याच्या नळीतून सहज जाते. दोन्ही कडांना रुंद चिकटपट्टी लावून मगच शेंग मुलांना परत द्यावी, आणि रात्री ती उशाशी नको.